तक्ता नंतर, आधी बेंबी: मुलांना घरी शरीर शिकवताना या चुका टाळा

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, हे कळलं की मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत आलेला प्रत्येक पाहुणा परीक्षक होतो. गेल्या मे महिन्यात माझ्या मामांनी आठ वर्षांच्या मुलाला विचारलं, "काय रे, शरीरात हाडं किती?" त्याने खाडकन सांगितलं, "206." मामा खूश, मी त्याहून खूश. पाहुणे गेल्यावर त्याने विचारलं, "आई, माझी पण 206च का?" मी भांडी घासता घासता "हो" म्हणून मोकळी झाले.

ते उत्तर चुकीचं होतं. 206 हा आकडा वाढ पूर्ण झालेल्या माणसाचा. बाळ जन्मतं तेव्हा साधारण 300 तुकडे असतात, काही हाडाचे, काही अजून कूर्चेचे, म्हणजे मऊ नि लवचीक, आणि वाढीबरोबर ते एकमेकांना जुळत जातात. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी घ्या. लहान मुलात ते पाच सुटे मणके असतात, पंचविशीच्या सुमारास त्यांचं एक हाड झालेलं असतं. म्हणजे त्या दिवशी खोलीत सगळ्यात जास्त हाडं माझ्या मुलांची होती आणि मी त्यांना मामांचा आकडा पाठ करायला लावला होता.

आमच्या बहुतेक चुका याच जातीच्या निघाल्या. समोर जिवंत, हलणारं, खाजवणारं शरीर बसलेलं असतं आणि आपण तक्ता शिकवत बसतो.

तक्ता भिंतीवर लागला की

स्टेशनरीच्या दुकानातला रंगीत तक्ता आणून भिंतीवर चिकटवणं ही आमची पहिली पायरी होती. ती शेवटची असायला हवी होती. तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. मोठ्यांना हे सांगावं लागत नाही, मुलांना लागतं. माझ्या सहा वर्षांच्या लेकीने तक्त्यावर बघून स्वतःचं यकृत डाव्या बरगड्यांखाली दाखवलं, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच होतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे तक्त्यातल्या माणसाच्या उजव्या हातावर लाल टिकली लावायची, मुलाच्या उजव्या हातावरही लावायची, आणि मग बोलायचं.

दुसरा घोळ निळ्या रंगाचा. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त चित्रात निळं दाखवतात ती फक्त खूण आहे. खरं रक्त कुठेही निळं नसतं. एक लालभडक, दुसरं गडद लाल, इतकाच फरक. हे आधी सांगितलं नाही तर मूल गुडघा फुटल्यावर निळं रक्त शोधतं. (शोधलं. आणि आलं नाही म्हणून हिरमुसलंही.)

आता आम्ही उलटं करतो. कॅलेंडरची जुनी पानं पाठकोरी चिकटवून लांब कागद करायचा, मुलाला त्यावर झोपवायचं आणि बाहेरची रेघ मारायची. आमच्याकडे त्यासाठी टीपॉय गॅलरीत जातो. मग विचारायचं, "तू खाल्लेले पोहे आत्ता कुठे आहेत?" दहातली नऊ मुलं बेंबीवर बोट ठेवतात. जठर तिथे नसतंच. ते बरंच वर असतं, डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड. बेंबीच्या मागे असतं लहान आतडं. मूत्रपिंडं तर सगळेच खाली कमरेशी काढतात. ती असतात पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांजवळ, आणि उजवं थोडं खाली, कारण त्याच्या डोक्यावर यकृत बसलेलं असतं. हृदयही डावीकडे नसतं. ते छातीच्या मधोमध असतं, फक्त टोक डावीकडे कललेलं. ठोका डावीकडे जाणवतो तो त्या टोकामुळे. या सगळ्या चुका मुलाला आधी करू द्या. त्याने स्वतः पेन्सिलने काढलेलं जठर खोडून वर सरकवलं की ते त्याच्या लक्षात राहतं.

आपलेच शब्द आडवे येतात

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगते. मराठीत 'पोट' म्हणजे बाहेरून दिसतं तेही आणि आतली पिशवीही. 'पाय' म्हणजे मांडीपासून बोटांपर्यंत सगळं. मुलीला एका इंग्रजी वर्कशीटवर 'फिंगर्स किती' असा प्रश्न होता. तिने 20 लिहिलं. उत्तर चूक धरलं गेलं, पण मराठीत विचार केला तर पायालाही बोटंच असतात! वर्कशीट इंग्रजी असेल तर हातांच्या नि पायांच्या बोटांना तिथे वेगळे शब्द आहेत, हे आधी सांगून ठेवा.

सगळ्यात मोठी गंमत काळजाची. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं. घरात मात्र काळजाचा ठोका चुकतो. रविवारी दुकानात उभं असताना मुलाने मोठ्याने विचारलं, "आई, म्हणजे ठोके यकृताला पडतात?" रांगेतले सगळे हसले, पण प्रश्न चोख होता. तिथेच त्याला गुर्दा म्हणजे मूत्रपिंड आणि भेजा म्हणजे मेंदू हेही कळलं, आणि गुर्द्याचा घेवड्याच्या दाण्यासारखा आकार प्रत्यक्ष बघायला मिळाला. मांसाहार करत असाल तर बाजारातली ही दहा मिनिटं सोडू नका. बोलीतला शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी वहीत लिहा. बालभारतीचं परिसर अभ्यास हाती घेईपर्यंत जठर, यकृत, फुफ्फुस हे शब्द परके वाटत नाहीत.

प्रयोग फसतात ते इथे

नाडी सापडत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. मुलं अंगठ्याने शोधतात, आणि अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, हलकेच ठेवायचं. जोरात दाबलं तर नाडी दबते. तरीही नाही मिळाली तर मुलाला जिन्याचे दोन मजले चढून यायला सांगा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, गणितही होतं. मुलाचा आकडा तुमच्यापेक्षा जास्त आला तर घाबरू नका, लहानांचं हृदय भरभर चालतं.

आतड्याची लांबी दाखवायला सहावारी साडी काढा. मोठ्या माणसाचं लहान आतडं मृत शरीरात मोजलं तर सुमारे 6 मीटर भरतं. साडी साडेपाच. (जिवंतपणी स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे ते बरंच आखूड असतं.) आमची चूक अशी की साडी दारापर्यंत पसरली, मुलं "बापरे" म्हणाली आणि आम्ही घडी घालून ठेवून दिली. पुढच्या वेळी तीच साडी त्या कागदी माणसाच्या पोटात बसवायला लावली, तेव्हा खरा धडा झाला. आतड्याचं आतलं अस्तरही निऱ्यांसारखं दुमडलेलं असतं, अन्न शोषायला जागा वाढावी म्हणून. हे निऱ्या घालून दाखवलं की वेगळं समजवावं लागत नाही.

बाटली आणि फुग्याचं फुफ्फुस सगळेच करतात आणि निम्म्यांचं फुगत नाही. पाण्याची पातळ बाटली घेऊ नका, ओढलं की तीच चेपते. कोल्ड्रिंकची जाड घ्या, तळ कापा, तिथे कापलेला मोठा फुगा ताणून बसवा. आतल्या फुग्याला स्ट्रॉ बांधण्याआधी तो दोनदा फुगवून सैल करून घ्या. झाकणातल्या भोकाभोवती एम-सील भरा. तरीही चालत नसेल तर सगळं बादलीत बुडवून स्ट्रॉमधून फुंका. बुडबुडे जिथून येतील तिथे फट आहे. प्रयोग जमल्यावरची चूक अधिक वाईट. मूल म्हणतं, "हवा आत गेली म्हणून छाती फुगली." होतं उलट. श्वासपटल, म्हणजे बाटलीच्या तळाच्या फुग्यासारखा छातीखालचा पडदा, खाली जातं, छाती मोठी होते, म्हणून हवा आत येते. आणि खऱ्या छातीत फुफ्फुसाभोवती बाटलीतल्यासारखी मोकळी जागा नसते, तेही सांगा.

व्हिनेगरमध्ये हाड मऊ करायचा प्रयोग आम्ही नेमका श्रावणात ठरवला. सासूबाईंनी एकदाच बघितलं, पुरे झालं. गणपती झाल्यावर केला, तर हाड वाकायच्या ऐवजी भुगा झालं. कारण ते कुकरमधल्या रश्श्यातलं होतं. व्हिनेगर हाडातलं कॅल्शियम विरघळवतं आणि मागे उरतो तो कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा सांगाडा. तो तर चार शिट्ट्यांत आधीच रश्श्यात उतरला होता. म्हणून कच्चं, स्वच्छ केलेलं तंगडीचं हाड घ्या, साबणाने हात धुवा, दोन दिवसांनी व्हिनेगर बदला आणि आठवडाभर वाट बघा. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

जिभेचा नकाशा, म्हणजे टोकाला गोड आणि मागे कडू, तो सरळ सोडून द्या. 1901 सालच्या एका जर्मन अभ्यासाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांना कळतात. कारल्याचा रस टोकाला लावा, मूल स्वतः सांगेल.

जे आपण गाळतो

कागदी माणसाला पाय असतात, पण मधला भाग कोराच राहतो. मी तो वर्षभर कोरा ठेवला. मग लेकीला "शूच्या जागी" आग होत होती आणि डॉक्टरांपुढे तिला नीट सांगताच येईना. शिश्न, वृषण, योनी हे शब्द कोपर आणि घोट्याच्याच सुरात, त्याच दिवशी सांगा. ज्या अवयवाचं नाव मुलाला माहीत नाही त्याबद्दलची तक्रार ते मूल करू शकत नाही. मुलांच्या मदतीसाठी असलेला चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबरही आम्ही त्याच कागदावर लिहिला आहे.

आणि भीती. "हृदय थांबलं की माणूस मरतो," असं मी धड्याच्या ओघात बोलून गेले. आजोबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. रात्री बघते तर मुलगा छातीवर हात ठेवून जागा. "मी झोपल्यावर हे कोण चालवतं?" मी त्याला सांगितलं की हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक बारीक पुंजका असतो, ठिणगी तोच देतो, आठवण करून द्यावी लागत नाही. तो थोडा वेळ श्वास रोखून पडला. मग डोळे मिटून ठोका रोखायचा प्रयत्न केला. "नाही थांबत," म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.