आजोबांचा तिकिटांचा डबा सापडलाय? आधी कात्री बाजूला ठेवा

दिवाळीची साफसफाई झाली की मला फोन यायला लागतात. माळ्यावरून ट्रंक खाली उतरलेली असते, ट्रंकेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो आणि डब्यात तिकिटं. "काका, आजोबांचं कलेक्शन आहे, खूप जुनं आहे. किती येतील?" कुठल्या देशाची आहेत, पाकिटावर आहेत की सुटी, असं विचारलं की पलीकडून उसासा. मग व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. सतरंजीवर पसरलेली तीन-चारशे तिकिटं, वर ट्यूबलाइटची चकाकी आणि कोपऱ्यात कुणाचा तरी पाय.

मी व्यापारी नाही. पस्तीसेक वर्षं तिकिटं जमवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं लोकांचे डबे बघण्यात गेली आहेत. त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पाकिटावरून तिकीट कापणं

ही चूक बघितली की मला खरंच पोटात दुखतं.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा एक तरुण आला होता. हुशार, नीटनेटका मुलगा. त्याच्या पणजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. पूना डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी तिथे गेल्या होत्या आणि कुटच्या वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या, हे ज्यांच्या घरात फौजी आहेत त्यांना ठाऊक असतं. त्या आजोबांनी घरी पाठवलेली पाकिटं शंभर वर्षं जपली गेली होती. मुलाने खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एकोणीस तिकिटं, सगळी पंचम जॉर्जची आणि त्यांवर काळ्या शाईत छापलेली 'आय. ई. एफ.' ही अक्षरं. इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्ससाठी १९१४ मध्ये ही अक्षरं छापून घेतली गेली. कडा अगदी सरळ रेषेत कापलेल्या. प्रत्येक तिकिटावर गोल शिक्क्याचा एक तुकडा, त्यात फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे फौजेबरोबरच्या टपाल कचेरीच्या, नंबराचा अर्धा आकडा.

मी विचारलं, "पाकिटं कुठायत?"

"ती फार जुनी झाली होती हो. वाळवी लागलेली. तिकिटं तेवढी व्यवस्थित काढून घेतली आणि बाकीचं रद्दीत दिलं."

बाकीचं म्हणजे काय होतं, ते सांगतो. फील्ड पोस्ट ऑफिसचा पूर्ण नंबर आणि तारीख, म्हणजे त्या दिवशी पलटण कुठे होती त्याचा पुरावा. सेन्सॉरचा शिक्का. रणभूमीवरच्या शिपायाची साधी पत्रं फुकट जायची, त्यामुळे तिकीट लावलेलं पाकीट बहुधा रजिस्टर, म्हणजे त्याची चिठ्ठी आणि नंबरही. पाठीमागे आपल्याकडच्या पोस्टात पोचल्याचा शिक्का. आणि गावाचं नाव, कदाचित मोडीत लिहिलेलं. पोस्टल हिस्टरी, म्हणजे टपालाचा इतिहास सांगणारी पाकिटं जमवणारा माणूस अशा पाकिटासाठी रात्रीची गाडी पकडून येतो. सुट्या तिकिटासाठी तो खुर्चीतून उठत नाही.

एका तिकिटाचे किती येतील, हे मी त्याला सांगितलं. बऱ्यापैकी हॉटेलात दोघांचा चहा होईल इतके. मग त्याने विचारलं, "आणि पाकिटं असती तर?" मी त्याला आणखी एक चहा दिला.

तेव्हा पाकीट मळकं असो, फाटकं असो, कसर लागलेलं असो, ते आहे तसं ठेवा. आत पत्र असेल तर पत्रही आतच ठेवा. आखाती बंदरांत, एडनला, झांझिबारला एके काळी हिंदुस्थानचीच तिकिटं चालायची. तिथला शिक्का असलेलं पाकीट आपल्या कोकणातल्या घरांत निघू शकतं. गोव्याकडच्या घरांत पोर्तुगीज इंडियाची निघतात, तिथली पहिली तिकिटं १८७१ ची. त्या दोन्हींवर चित्रापेक्षा शिक्का जास्त बोलतो.

पाण्यात घालणं

कागदाला चिकटलेली तिकिटं परातीत भिजवायची, हे शाळेत सगळ्यांनी केलंय. आता करू नका. काही जुन्या तिकिटांची शाई पाण्यात उतरते आणि पोस्टातली जांभळ्या शाईची खूण तर शेजारच्या दहा तिकिटांना रंगवून सोडते. कोरं तिकीट भिजवलं तर मागचा डिंक गेला, आणि कोऱ्या तिकिटाची निम्मी किंमत त्या डिंकातच असते. मला स्वतःला एखादं तिकीट भिजवायचं असेल तर मी आधी त्याची किंमत ठरवतो, मग एक रात्र झोपतो, मग भिजवतो.

नेटवरचा आकडा हीच किंमत समजणं

२०१७ मध्ये लंडनच्या स्टॅन्ले गिबन्स या तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी गांधीजींची दहा रुपयांची चार तिकिटं पाच लाख पौंडांना विकली. बातमी मराठी पेपरांतही आली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक डब्यात एक गांधीजी असतातच.

ती चार तिकिटं साधी नव्हती, हे बातमी वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार वेगवेगळ्या किमतींची तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्याची, चित्राजवळ देवनागरीत आणि उर्दूत 'बापू'. त्यातल्या प्रत्येकाच्या फक्त शंभर प्रतींवर गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असं छापलं. पाच लाख पौंडांना गेलेली चार तिकिटं ही असली, 'सर्व्हिस' छापलेली. तुमच्या डब्यात आहे ते दीड आण्याचं वापरलेलं, आणि ते लाखोंनी छापलं गेलं.

पण माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांकडे खरोखर दहा रुपयांचं होतं. कोरं, टवटवीत. बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांना पक्के. त्यांनी एका विक्रीच्या साइटवरची किंमत छापून आणली होती, त्यावरून नातवाच्या परदेशी शिक्षणाचा हिशेबही मांडला होता. मी चिमट्याने तिकीट उचललं आणि बोटांना न लागताही कळलं की कागद चुकतोय. दाते मोजले. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात हे मोजायची एक पट्टी असते. खऱ्या गांधीजींचं माप साडेअकरा. यांचं कशातच बसेना. मग भिंग लावलं. खरी छपाई ग्रॅव्हूर पद्धतीची, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून केलेली, रंग मऊ उतरलेला असतो. इथे आजच्या मासिकाच्या पानावर दिसतात तसे रंगीत ठिपके. नक्कल होती, आणि फार चांगलीही नव्हती. दहा रुपयांच्या गांधीजींच्या नकला इतक्या फिरतात की माझ्याकडे शिकवण्यासाठी म्हणून दोन ठेवलेल्या आहेत.

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पण साइटवर तर एवढे लिहिलेत." अहो, लिहायला काय जातं? मीही माझी सायकल पन्नास लाखांना टाकू शकतो. कुणी किती मागतो हे बघू नका, किती रुपयांना विकलं गेलं ते बघा. लिलावांचे जुने निकाल मिळतात, ते शोधायला एक संध्याकाळ लागते. तेवढी संध्याकाळ नसेल तर तिकिटं परत ट्रंकेत ठेवलेली बरी.

कॅटलॉगचीही तीच गोष्ट. गिबन्सच्या कॅटलॉगमधला आकडा हा त्यांच्या दुकानात, चांगल्या स्थितीतल्या तिकिटाचा विकायचा भाव. तुम्ही विकायला गेलात की माझ्या अनुभवात साध्या तिकिटांना त्याच्या दहा-पंधरा टक्के मिळाले तरी हसत घरी या. आणि सगळ्यात स्वस्त तिकिटासमोरही काहीतरी आकडा असतो, तो हाताळणीचा खर्च असतो. त्याला हजाराने गुणून कुणीही श्रीमंत झालेलं नाही.

फोटो काढला की किंमत सांगणारी ॲपही आली आहेत. पंचम जॉर्जचं एकच चित्र लंडनलाही छापलं गेलं आणि १९२६ पासून आपल्या नाशिकलाही. कागदातला वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली खूण, बघितल्याशिवाय फरक कळत नाही. लंडनच्या तिकिटात एक तारा, नाशिकच्यात सगळीकडे बारीक तारे. सतरंजीवर काढलेल्या फोटोत तारे कुठून दिसणार!

जुनं म्हणजे महाग

नाही. १८४० चं पेनी ब्लॅक, जगातलं पहिलं, पावणेसात कोटींच्या आसपास छापलं गेलं. आजही पैसे टाकले की मिळतं. आपल्या १८५४ च्या अर्धा आणा निळ्यावर राणी व्हिक्टोरिया आहे, तेही दुर्मीळ नाही. पण त्याला दाते नव्हते, पोस्टात कात्रीने कापून द्यायचे. म्हणून चारही बाजूंना पांढरी कड शिल्लक असलेलं तिकीट आणि चित्रात कात्री घुसलेलं तिकीट यांच्या भावात जमीनअस्मानाचा फरक. एका बाईंनी वेड्यावाकड्या कडा दिसायला बऱ्या नाहीत म्हणून सगळ्या सारख्या करून आणल्या होत्या. नखाच्या कात्रीने.

उलट सिंध प्रांताच्या टपालाचं 'सिंध डाक' तिकीट, १८५२ मधलं, आशियातलं पहिलं. लाल लाखेच्या चकतीवरचं तर हातात घेतलं तरी तडकेल. ते तुमच्या डब्यात नाही. असेल तर मला फोन करू नका, सरळ नावाजलेल्या लिलावगृहाकडे जा आणि वाटेत रिक्षात उघडून बघू नका.

आता भराभर काही.

सेलोटेप लावू नका. लावलेली असेल तर ओढू नका.

लॅमिनेशन. हो, एकाने खरंच केलं होतं.

अल्बममधून तिकिटं सुटी करू नका. आजोबांनी पानावर बारीक अक्षरात काही लिहिलं असेल तर तेच तुमचं सगळ्यात कामाचं मार्गदर्शन.

एकमेकांना जोडलेल्या चार तिकिटांचा ब्लॉक चार भावांत वाटून घेऊ नका.

कोल्हापूर संस्थानची कोर्ट फी, रसीद तिकीट, हुंडीचं तिकीट ही पोस्टाची तिकिटं नव्हेत. टाकायची नाहीतच, त्यांची वेगळी गिऱ्हाइकं असतात, पण कागदपत्रासकट. होळकरांची आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरची मात्र पोस्टाची आहेत, ती वेगळी काढा.

पावसाळ्यात डबा उघडू नका. मी जूनपासून गणपती उतरेपर्यंत माझा एकही अल्बम उघडत नाही. कोऱ्या तिकिटांचा डिंक हवेतली ओल पितो, तिकिटं एकमेकांना चिकटतात आणि कागदावर तांबूस ठिपके उठतात. तसा गंज चढलेलं तिकीट बघून घेणारा आधी मान हलवतो, मग भाव पाडतो. मधे बटर पेपर घाला.

"रजिस्ट्रेशन फी भरा, तुमच्या तिकिटाला लाखो मिळवून देतो" असं सांगणाऱ्याला फी भरू नका. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाही जुन्या नाण्या-नोटांच्या असल्याच धंद्याबद्दल सावध करावं लागलं होतं.

चकचकीत तिकिटांचं मोठं ढीगभर कलेक्शन

आपल्या पिढीत 'जगातील शंभर तिकिटं' अशी पाकिटं मिळायची. अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन या आखातातल्या छोट्या अमिराती, शिवाय हंगेरी, पोलंड. घोडे, फुलपाखरं, रॉकेटं. मुलं भारावून जायची, मीही गेलो होतो. शिक्का बघा. कोपऱ्यात चौथाई गोल, अगदी नेटका आणि मागे डिंक शाबूत. म्हणजे ही तिकिटं पत्रावर कधी लागलीच नाहीत, छापखान्यातच शिक्का मारून पोरांसाठी विकली गेली. त्यांना भाव नाही. विकायच्या भानगडीत न पडता एखाद्या शाळकरी मुलाला द्या.

पण त्याआधी मला एकदा दाखवा. दादरच्या एका वयस्क बाईंनी माझं हे बोलणं मनावर घेऊन परदेशी तिकिटांची छाननी केली आणि "ही सात-आठ तर तिकिटंसुद्धा नाहीत, मुलांची खेळणी आहेत" म्हणून एक पुडी कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवली होती. गोल, प्लॅस्टिकची, रेघा रेघा असलेली. १९७२ ची भूतानची तिकिटं होती ती, ग्रामोफोनच्या तबकडीवर लावली तर त्यातून भूतानचं राष्ट्रगीत आणि लोकगीतं ऐकू येतात. त्या डब्यातल्या बाकी सगळ्या तिकिटांची बेरीज केली तरी त्या पुडीला पोचत नव्हती. मी हे सांगेपर्यंत त्यांचा नातू एक तिकीट घेऊन आतल्या खोलीत पळाला होता. तिथे त्याच्या आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर होता. मी मागोमाग धावलो. सुई खाली यायला चार बोटं राहिली होती.