फोटो विकायला काढण्याआधी: सही पहिली, शटर नंतर

बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी, लेन्स पुसलेली. एवढंच. हे ज्याला सांगावं लागतं त्याने स्टॉकच्या, म्हणजे एजन्सीच्या साइटवरून कुणालाही वापरायला फोटो विकण्याच्या, भानगडीत अजून पडू नये. ही यादी मी खरं तर स्वतःसाठी लिहायला घेतली, कारण मागच्या खेपेला २१२ फोटो हातात होते आणि त्यातले विकायला गेले फक्त १९. त्या १९ मध्ये एकही माणूस नाही. रंधे, पटाशा, भुसा, उन्हाची तिरीप. माणूस असलेला प्रत्येक फोटो बाद. फोटो वाईट होते म्हणून नाही, सही नव्हती म्हणून.

तर पिशवीत पहिल्यांदा जायचे ते मॉडेल रिलीजचे, म्हणजे फोटोतल्या माणसाच्या लेखी परवानगीचे, कोरे फॉर्म. कॅमेऱ्याच्याही आधी. माझ्या एजन्सीकडे कोणता फॉर्म चालतो हे आधी बघून घ्यायचं. शटरस्टॉक, ॲडोबी स्टॉक, गेटी, सगळ्यांचे नमुने त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. एकच फोटो तीन-चार ठिकाणी टाकणार असाल तर सगळीकडे चालेल असा एकच नमुना धरा, नाहीतर एका माणसाकडून चार सह्या घेताना तोंड दाखवायला जागा उरत नाही. ज्याचा चेहरा, अंगकाठी, अगदी पाठमोरी उभी राहण्याची ढबसुद्धा ओळखू येते त्या प्रत्येकाची सही लागते. "अंधूक आहे, कोण ओळखतंय" हे आपलं मत झालं. एजन्सीत फोटो तपासणारा रिव्ह्यूअर विचारतो ते एवढंच की त्या माणसाला स्वतःला तो ओळखू येईल का. स्वतःचाच फोटो काढलात तरी स्वतःचीच रिलीज भरावी लागते. हसू येतं, पण भरायची.

माझं काय झालं ते सांगतो. ओळखीच्या एका काकांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं, तिथे दोन दिवस फोटो काढले. फॉर्म होते माझ्याकडे! छापलेले, फाइलमध्ये घातलेले. पहिल्या दिवशी फाइल काढलीही. काकांच्या दोन्ही हातांना सरस लागलेला, बोटं एकमेकांना चिकटत होती. म्हणाले, "हात धुतो आणि करतो." आणि मी, शहाणा, म्हणालो, "करू की सावकाश, काय घाई आहे." तेवढ्यात खिडकीतून ऊन आलं, मी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि फाइल परत पिशवीत गेली ती गेलीच.

तीन आठवड्यांनी एडिटिंग संपवून फोटो टाकायला बसलो तेव्हा आठवण झाली. तोवर वर्कशॉपला कुलूप लागलेलं, काका लेकीकडे दुसऱ्या गावी. फोन केला. "पाठवतो रे." पुन्हा केला. "पाठवतो म्हटलं ना." शेवटी आलं ते फॉर्मचं मोबाइलवर काढलेलं चित्र: वरच्या कोपऱ्यात अंगठा, खालची तारखेची ओळ कापलेली, नावाच्या जागी सही, सहीच्या जागी नाव, साक्षीदाराची चौकट कोरी. एजन्सीने परत पाठवलं. काकांना पुन्हा सांगितलं तेव्हा ते जरा थांबून म्हणाले, "परत तेच? राहू दे आता." त्यांचं काय चुकलं? फोटो माझे, पैसे माझे, खेटे मात्र त्यांनी घालायचे.

म्हणून सही फोटो काढायच्या आधी. मध्ये नाही, नंतर नाही, "निघताना करू" तर मुळीच नाही. निघताना सगळे दमलेले असतात आणि सामान आवरायचं असतं. फॉर्मवर पूर्ण नाव वाचता येईल असं, पत्ता, जन्मतारीख, फोटो काढल्याची तारीख, सही, सहीची तारीख. साक्षीदार हवा, आणि तो तिसरा कुणीतरी. फोटोतला माणूस स्वतःचा साक्षीदार होत नाही, फोटो काढणाराही नाही. भरून झालेला फॉर्म तिथल्या तिथे उजेडात सपाट ठेवून चारही कोपरे दिसतील असा टिपायचा, आणि स्क्रीनवर मोठा करून नाव वाचून बघायचं. हे सगळं दोन मिनिटांचं काम. फोनवरच बोटाने सही घेणारी इझी रिलीजसारखी ॲप आहेत, तीही चालतात, पण सरसाच्या हातांनी कुणी तुमच्या फोनला हात लावणार नाही आणि तुम्हीही लावू देणार नाही. कागद हवाच.

मुलं असतील तर आणखी एक गाठ. काकांच्या वर्कशॉपमध्ये शेजारचा एक दहा वर्षांचा पोरगा यायचा, लाकडाच्या ढलप्यांची होडी करायचा. सगळ्यात गोड फोटो त्याचे. समजा काकांनी त्याच्यासाठीही सही केली असती, तरी उपयोग शून्य होता. अठराच्या आतल्या मुलासाठी आई किंवा वडील, नाहीतर कायदेशीर पालक. काका, आजी, शिक्षक, शेजारी यांतलं कुणी चालत नाही. आईवडील तिथे नसतील तर त्या पोराचे फोटो स्टॉकसाठी काढू नका. आठवण म्हणून काढा आणि त्याला द्या.

"मग एडिटोरियलमध्ये टाकायचे ना", असं लगेच कुणीतरी सांगतं. मलाही सांगितलं. एडिटोरियल म्हणजे बातमी, लेख, माहितीसाठीचा वापर. तिथे बहुधा रिलीज लागत नाही, पण तो फोटो जाहिरातीत जात नाही, त्यामुळे गिऱ्हाईक आटतं. शिवाय तिथले नियम वेगळे. फोटोत काही पुसायचं नाही, काही जोडायचं नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर आधीच क्लोन करून उडवलेलं होतं, आणि काकांना "जरा खिडकीकडे बघा" असं चार वेळा सांगितलेलं. तो दरवाजा मीच बंद करून बसलो होतो. कॅप्शनही ठरलेल्या साच्यातलं हवं. शटरस्टॉकला शहर, देश, तारीख आणि मग काय चाललंय ते, याच क्रमाने लागतं. त्यामुळे कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावून निघा. आणि कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ रॉ फाइलला हात लावू नका, पुसापुशी नेहमी कॉपीवर.

माणसांनंतर वस्तू. प्रॉपर्टी रिलीज नावाचा दुसरा फॉर्म असतो, खासगी जागा, चित्रं, शिल्पं, ओळखू येणाऱ्या इमारती यांच्यासाठी. वर्कशॉप काकांचं, म्हणजे तीही सही काकांचीच. एका बैठकीत दोन सह्या झाल्या असत्या. (हो, पुन्हा सहीच. कंटाळा आला असेल तर वर २१२ आणि १९ हे आकडे परत वाचा.) भिंतीवरचं चित्र कुणीतरी काढलेलं असतं, अंगावरचा टॅटूही कुणाची तरी कला असते. आयफेल टॉवर दिवसा टिपून विकता येतो, रात्रीचा नाही. टॉवर जुना, पण त्याची १९८५ सालची प्रकाशयोजना ही वेगळी कलाकृती धरली जाते.  एजन्सींच्या साइटवर अशा अडचणीच्या जागांच्या याद्या असतात. जायच्या आधी चाळा, येऊन नाही.

जागेवर पोचल्यावर, म्हणजे सह्या झाल्यावर, चौकटीत कुठे नाव, चिन्ह, लोगो दिसतोय का ते बघा. करवतीच्या यंत्रावरचा स्टिकर, बुटावरची खूण, शर्टाच्या खिशावरचं नक्षीदार अक्षर. चिकटपट्टीचा तुकडा लावायला पाच सेकंद, नंतर पुसायला प्रत्येक फोटोत पाच मिनिटं. आणि फक्त खूण झाकून भागेल असंही नाही, काही वस्तू नुसत्या आकारावरून ओळखू येतात. त्या सरळ बाजूला सारा.

काढताना मोकळी जागा सोडा. विकत घेणारा तुमच्या फोटोवर मजकूर टाकणार असतो. काठोकाठ भरलेली चौकट आपल्याला कितीही आवडो, त्याला नको असते. आडवा, उभा, जवळून, लांबून, असं एकाच प्रसंगाचं वेगवेगळं काढा, पण निवडताना हात आखडता घ्या. एकसारखे अकरा फोटो टाकले की "सारखेच फोटो" म्हणून झोडपतात. हातांचे क्लोजअप जास्त काढावेत हे मी आता शिकलोय, चेहरा नसलेला नुसता हात पुष्कळदा रिलीजशिवाय निभावून जातो. पुष्कळदा. हातावर गोंदण, ठळक व्रण किंवा वेगळी अंगठी असेल तर नाही. तेव्हा सही घ्याच.

एडिटिंगला बसल्यावर प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. लहान स्क्रीनवर सगळे फोटो छान दिसतात, तो स्क्रीनचा चांगुलपणा असतो. लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, म्हणजे एफ १६ च्या आसपास, आभाळ टिपलं असेल तर सेन्सरवरच्या धुळीचे करडे ठिपके हमखास दिसतील. ते पुसा. गडद भागातले दाणे, उजेड-अंधाराच्या कडेला उमटलेली जांभळी रेघ, डोळ्याऐवजी कानावर गेलेला फोकस, या तीन कारणांनी सगळ्यात जास्त फोटो परत येतात, निदान माझे तरी. फोकस चुकला असेल तर शार्पनिंगने वाचवायला जाऊ नका, ते आणखी वाईट दिसतं. फोटो टाकून द्या. रंगांवर जोर देऊ नका, ते काम विकत घेणारा करेल. शेवटी जेपेग, उत्तम दर्जाचं, एसआरजीबी रंगात. शटरस्टॉक आणि ॲडोबीला किमान ४ मेगापिक्सेल पुरतात. तेव्हा कापाकापी करा, पण फार नको, आणि लहान फोटो ताणून मोठा करणं तर नकोच. तेही ओळखू येतं.

मग कीवर्ड. इथे लोक आळस करतात आणि मग "फोटो कुणी बघतच नाही" म्हणतात. शोधणाऱ्याला तुमचा फोटो दिसत नसतो, त्याला फक्त शब्द माहीत असतात. ॲडोबीला ४९ पर्यंत चालतात आणि पहिल्या दहांना जास्त वजन असतं, त्यामुळे मुख्य शब्द वर. शटरस्टॉकला किमान ७, जास्तीत जास्त ५०. सगळ्या जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. सुताराच्या फोटोला सुतार, लाकूड, रंधा, हात, कारागीर, वयस्कर पुरुष, वर्कशॉप हे झालं, वर एकाग्रता, कौशल्य यांसारखे एक-दोन भाववाचक शब्द. "प्रेम", "सुट्टी", "पार्श्वभूमी" असले शब्द उगाच चिकटवू नका, त्याला स्पॅम म्हणतात आणि फोटो परत येतो. ब्रँडची नावं तर व्यावसायिक फोटोत कधीच नाही. हे सगळं साइटवर टाइप न करता आधीच फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलच्या आतच साठणाऱ्या माहितीत, भरा, म्हणजे प्रत्येक एजन्सीला तेच ते पुन्हा लिहावं लागत नाही. आणि शब्द इंग्रजीत लिहा, बहुतेक शोध त्याच भाषेत होतात.

खातं उघडणं सोपं. ओळखपत्र लागेल. करांचा फॉर्म मात्र पहिल्याच दिवशी भरा. अमेरिकेबाहेरच्यांनी डब्ल्यू-८ बेन, नाहीतर तिथल्या विक्रीवर ३० टक्के कापतात. तुमच्या देशाचा अमेरिकेशी करार असेल तर कमी. तो फॉर्म सहीचं वर्ष संपल्यावर आणखी तीन वर्षं चालतो, नंतर नव्याने. यालाही सही लागते, पण ती आपली स्वतःची, म्हणजे विसरलो तरी कुणाच्या मागे धावावं लागत नाही.

पैशांबद्दल दोनच वाक्यं. ॲडोबी फोटोमागे ३३ टक्के देतं, शटरस्टॉक जून २०२० पासून १५ ते ४० टक्के, आणि तिथली टक्क्यांची पायरी दर १ जानेवारीला परत तळाशी येते. एका डाउनलोडला १० सेंट पडलेले बघून पहिल्या महिन्यात खातं बंद करणारे पुष्कळ, त्यामुळे पाचशे फोटो होईपर्यंत हिशोबच उघडू नका.

अपलोड: पहिल्यांदा दहाच, सगळ्यात स्वच्छ. नाकारले तर कारण वाचा, आहे तसाच पुन्हा टाकू नका. सणासुदीचे, ऋतूंचे फोटो दोन-तीन महिने आधी. एआयने केलेली चित्रं यात मिसळू नका, ॲडोबी ती खूण करून घेतं, शटरस्टॉक आणि गेटी घेत नाहीत. एखाद्या एजन्सीशी फोटो फक्त तिच्याकडेच विकायचे असा करार केलात तर ते फोटो बाकी सगळीकडून काढा. रिलीजची फाइल त्या त्या फोटोला जोडलीय ना, तेवढं सबमिट दाबायच्या आधी एकदा बघा. बॅकअप दोन. फॉर्मचेही दोन.

पुढची खेप रविवारी, एका कुंभारकाम शिकणाऱ्या बाईंकडे. फॉर्म बारा छापलेत, त्यातले निम्मे मॉडेलचे, निम्मे जागेचे. त्यांच्या बहिणीला साक्षीदार म्हणून आधीच सांगून ठेवलंय. पेनं तीन, आणि मातीचे हात पुसायला एक ओलं फडकं.