जुन्या मोटरसायकलची व्हिंटेज नोंदणी: ठाणे-नवी मुंबईत काय करावं लागतं

बुलेट, जावा, राजदूत किंवा लॅम्ब्रेटाची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर अर्जाच्या आधी एक गोष्ट ठरवा. गाडी चालवायची आहे की जपायची आहे? केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. त्यानुसार अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. दर रविवारी येऊरला जाऊन यायचं किंवा पाम बीच रोडवर फेरी मारायची, हे त्यात बसत नाही.

तेवढंच हवं असेल तर साधं नूतनीकरण करा: फॉर्म २५, आरटीओची तपासणी, पर्यावरण कर, आणि पाच वर्षांची मुदत. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलला नूतनीकरणाचे २,००० रुपये लागतात. उशीर झाला असेल तर दर महिन्याला ३०० रुपये वेगळे. गाडी बरीच वर्षं नूतनीकरणाशिवाय पडून असेल तर सरकारच्या परिवहन पोर्टलवर एकूण रक्कम किती येते ते पाहूनच पुढे जा. खरं सांगायचं तर व्हिंटेज हवी म्हणणाऱ्या बहुतेकांना हाच रस्ता सोयीचा असतो.

गाडी व्हिंटेजच्या नियमात बसते का

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी. हे वय मोजतात ते पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून, बनावटीच्या वर्षापासून नाही. १९७४ ची बनावट आणि १९७७ ची नोंदणी असेल तर २०२७ पर्यंत थांबावं लागेल. आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० कितीही जुन्या वाटल्या तरी त्या ऐंशीच्या दशकातल्या, त्यामुळे अजून बसत नाहीत.

दुसरी अट मूळ स्वरूपाची. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. इथेच सगळ्यात जास्त गाड्या अडकतात. बुलेटच्या जुन्या चेसिसमध्ये नव्वदच्या दशकातलं इंजिन सहज बसतं, जावाच्या चेसिसमध्ये येझदीचं. आणि त्या काळी इंधन वाचवायला पेट्रोल बुलेटमध्ये डिझेल इंजिनही टाकलं जायचं. मागची चेसिस कापून बॉबर, म्हणजे आखूड शेपटीची, केलेली गाडी तर विचारूच नका. आरसीवरचा इंजिन नंबर आणि क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरचा, नंबर एकच असला पाहिजे. तो जुळत नसेल तर आधी मूळ इंजिन शोधा. टायर मूळ मापाचे ठेवा: जुन्या बुलेटला ३.२५-१९, सोळा इंची चाकांच्या जावाला ३.२५-१६. डिस्क ब्रेक आणि अलॉय व्हील काढून टाका.

रंगाच्या आधी नंबर

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या खालच्या नळीवर, म्हणजे हेडस्टॉकवर, ठोकलेला असतो. गाडी पेंटरकडे देण्याआधी त्याचे स्पष्ट फोटो आणि पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) काढून ठेवा. सँडब्लास्टिंगने उथळ अंक पुसट होतात आणि पावडर कोटिंगचा जाड थर अंकांत भरून बसतो. मग तपासणीत नंबर वाचता येत नाही आणि छेडछाडीचा संशय येतो. पेंटरला सांगून नंबरच्या जागी आधी मास्किंग टेप लावून घ्या. वर रंग चढलाच असेल तर पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रशने हळूहळू काढा. ग्राइंडर किंवा कानस अजिबात लावू नका, आणि पुसट अंक पुन्हा ठोकून तर मुळीच घेऊ नका. तो गुन्हा ठरू शकतो.

कागद

भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुनी आरसी लागते. आयात केलेल्या गाडीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद. आरसीच्या पुस्तकाशिवाय भंगारातून आलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी नोंदणीसाठी घेऊ नका, कारण ती चोरीची नाही हे सिद्ध करायला हाताशी काहीच नसतं.

पुस्तक हातात आलं की नाव, पत्ता आणि बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) या तीन नोंदी बघा. मूळ मालकाचंच नाव असेल तर ते बदलायला फॉर्म २९ आणि ३०, मालक वारले असतील तर वारसांसाठी फॉर्म ३१. जुन्या बँकेचा बोजा वर्षानुवर्षं तसाच राहिलेला असतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर त्या दुसऱ्या बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथून फॉर्म २८ वर एनओसी. ठाण्याचा कोड एमएच-०४, कल्याणचा ०५, वाशीचा ४३, पनवेलचा ४६. ठाणे आणि नवी मुंबई शेजारी असली तरी कार्यालयं वेगळी आहेत.

१९८९ पूर्वीचे नंबर एमएच मालिकेतले नसतात. एम किंवा बीने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे अंक, असे ते असतात. यातले अनेक नंबर ‘वाहन’ या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढलेलेच नाहीत. पोर्टलवर नंबर टाकून माहिती येते का ते पहिल्याच दिवशी पाहा. येत नसेल तर मूळ पुस्तक घेऊन आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या नोंदणीची ऑनलाइन नोंद, करून घ्या. ती झाल्याशिवाय ऑनलाइन अर्ज, फी, नंबर प्लेट, काहीच पुढे सरकत नाही.

अर्ज आणि तपासणी

परिवहन पोर्टलवर फॉर्म २० भरायचा, सोबत विमा, फी आणि जुनी आरसी किंवा बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, आधी नोंदलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीचे ५,०००. पॉलिसीवर चेसिस आणि इंजिन नंबर आरसीप्रमाणे अक्षरन् अक्षर छापलेत ना ते तपासा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल नेहमी होते.

राज्याची समिती गाडी पाहून ती व्हिंटेज ठरते की नाही हे सांगते. गाडीची नोंदणी वैध नसेल तर ती चालवत नेऊ नका. छोटा हत्ती करा, हँडल दोन्ही बाजूंनी पट्ट्याने बांधा आणि पेट्रोलचा कॉक बंद ठेवा. पावसाळ्यात काँटॅक्ट पॉइंट (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतले) ओलसर होऊन गाडी नेमकी दारातच सुरू होत नाही, म्हणून पॉइंट कोरडे पुसून ठेवा. हॉर्न, हेडलाइट आणि ब्रेक लाइट चालू हवेत. सहा व्होल्टची बॅटरी आदल्या रात्री चार्ज करा.

पीयूसीला ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम आहे. टू-स्ट्रोक जावा धुराने नापास होते ती बहुधा जास्त ऑइलमुळे किंवा सायलेन्सरमध्ये साचलेल्या काजळीमुळे. पेट्रोलच्या लिटरला ४० मिली, म्हणजे १:२५, यापुढे ऑइल नको. सायलेन्सरच्या आतला बॅफल (आवाज कमी करणारी नळी) काढून साफ करा आणि चाचणीआधी दहा मिनिटं इंजिन गरम करा.

सगळं नीट असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र मिळायला हवं.

नंबर

बऱ्याच जणांची गफलत इथे होते. भारतात आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबरच ठेवता येतो. ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर नव्याने नोंदलेल्या गाडीला: राज्याचा कोड, मग व्हीए, दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक. तीन अक्षरी मूळ नंबर हाच खरा दागिना, तो सोडू नका. काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं मात्र आता रस्त्यावर चालत नाहीत. जुनी पाटी फेकू नका, प्रदर्शनात उभ्या गाडीशेजारी ठेवा. साध्या नूतनीकरणाच्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट लागतेच, कारण महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे; दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. जुन्या बुलेटच्या पुढच्या मडगार्डवर सपाट प्लेट बसत नाही, तेव्हा मडगार्डला भोकं न पाडता नटाला धरणारी छोटी पट्टी बनवून घ्या.

व्हिंटेज नोंदणी दहा वर्षं चालते, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. मधल्या काळात गाडी विकली तर विकणारा आणि घेणारा, दोघांनीही परिवहन खात्याला कळवायचं असतं.