सर्व्हिस गेली तर? लुकअप ठरवण्याआधीची तयारी

ओएसजीआय म्हणजे जावा प्रोग्रॅम बंडल नावाच्या सुट्या भागांत बांधायची पद्धत; हे भाग प्रोग्रॅम चालू असतानाच बदलता येतात. अशा एका प्रकल्पात लुकअपची, म्हणजे दुसऱ्या बंडलाने पुरवलेली सर्व्हिस शोधून घेण्याची, पद्धत मी घाईत ठरवली होती. बंडल सुरू होताना रजिस्ट्रीकडून (सर्व्हिसेसची नोंद ठेवणारी जागा) सर्व्हिस घेतली, फील्डमध्ये ठेवली आणि विषय संपवला. पुढे चालू सर्व्हरवर पुरवठादार बंडलाची नवी आवृत्ती चढली, पण आमचा कोड जुन्याच ऑब्जेक्टला हाका मारत राहिला. लॉगमध्ये एक ओळ नाही. दोन दिवस चुकीचे आकडे गेले.

सर्व्हिसचा इंटरफेस पुरवठादारापासून वेगळ्या बंडलात हवा, हे सांगायला नको.

आधी ठरवा, पुरवठादार चालू असताना बदलणार आहेत का? नसतील तर जावाचाच साधा सर्व्हिसलोडर पुरतो. जावा ६ पासून तो आहे, जावा ९ पासून मॉड्यूल-इन्फो फाइलमध्येही पुरवठादाराची नोंद करता येते. पण ओएसजीआयच्या आत तो जपून वापरा. तो मुळात थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरमधून (क्लासलोडर म्हणजे क्लास शोधून आणणारा भाग) शोधतो आणि इथे प्रत्येक बंडलाचा क्लासलोडर वेगळा, त्यामुळे यादी गुपचूप रिकामी येते. अपाची एरीज प्रकल्पाचं एसपीआय फ्लाय हे साधन त्यासाठीच आहे.

बदलणार असतील तर कोडला हात लावण्याआधी कागदावर लिहा: सर्व्हिस गेली तर काय? रजिस्ट्रीने दिलेला रेफरन्स (सर्व्हिसकडे नेणारी खूण) नल, म्हणजे रिकामा, आहे का, हे सगळेच तपासतात. रेफरन्स मिळूनही पुढच्याच ओळीत सर्व्हिस नल येऊ शकते, कारण मधल्या क्षणात ती गेलेली असते. आणि हातात आलेली सर्व्हिससुद्धा उद्या जाते. म्हणून ती फील्डमध्ये धरून ठेवू नका. सर्व्हिसट्रॅकर (सर्व्हिसच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवणारा ओएसजीआयचा क्लास) वापरत असाल तर फील्डमध्ये ट्रॅकर ठेवा, सर्व्हिस दर वेळी त्याच्याकडून मागा, बंडल थांबताना ट्रॅकर बंद करा. आणि बंडलाच्या स्टार्टमध्ये सर्व्हिसची वाट बघत बसू नका, सुरुवातच अडकते.

माझं मत डिक्लरेटिव्ह सर्व्हिसेसच्या बाजूने आहे: कोणती सर्व्हिस हवी ते फक्त जाहीर करायचं, जोडणी ओएसजीआय करतं. तिथला मूळ स्टॅटिक पर्याय, आवश्यक सर्व्हिस गेली की तुमचा कॉम्पोनंटच बंद करतो आणि दुसरी मिळाली की नव्याने उभा करतो, म्हणून तिथे फील्ड चालतं. डायनॅमिक निवडलंत तर फील्ड व्होलाटाइल (बदल सगळ्या थ्रेडना लगेच दिसेल असं) हवं, आणि पुन्हा तोच प्रश्न: सर्व्हिस गेली तर काय?

रँकिंग: एकाच प्रकारच्या अनेक सर्व्हिसेस असतील तर रँकिंगचा मोठा आकडा जिंकतो, बरोबरी झाली तर आधी नोंदलेली. नंतर आलेली वरची सर्व्हिस आपोआप हवी असेल तर डिक्लरेटिव्ह सर्व्हिसेसमधला ग्रीडी पर्याय लावा.

चाचणी: विनंत्या चालू असताना कन्सोलवरून पुरवठादार बंडल थांबवा, परत सुरू करा. हे केल्याशिवाय सर्व्हरवर चढवू नका.