गाइडबुक वाचा, पण उजेडासाठी

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे असेल, पण गाइडबुक हातात आलं की आधी नकाशा उघडते. त्यातल्या फोटोंवरून जागा ठरवली तर आपण तेच फोटो पुन्हा काढून येतो. नकाशावरून ठरवली तर उजेड कुठून येणार हे घरबसल्या कळतं.

आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानच घ्या. त्याच्या पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला ठाण्यातलं आपलं येऊर. म्हणजे ठाण्याकडच्या उतारावर सकाळचं ऊन पडतं आणि दुपार कलली की तोच उतार सावलीत जातो. येऊरच्या पायथ्याच्या उपवन तलावात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल, तर वारा सुटायच्या आत, सकाळी पूर्वेच्या काठावर सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं. संध्याकाळी तिथून डोंगराची नुसती काळी कड मिळते. तीच हवी असेल तर खुशाल संध्याकाळी जा. अशी दिशा प्रत्येक जागेपुढे समासात पेन्सिलीने लिहा.

दिशेच्या खाली महिना. ठाण्यात जूनअखेरीस सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेला. जूनच्या सकाळी उजळलेली घळ डिसेंबरात त्याच वेळी अंधारी असू शकते.

झाडांचं प्रकरण बरेच जण उलटून टाकतात. ते मात्र नीट वाचा. पळस, काटेसावर फुलतात तेव्हा पानगळ झालेली असते, डोंगराच्या रेषा उघड्या पडतात. कारवी आठ वर्षांनी फुलते. इथे ती २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे पुढचा मोठा बहर २०३२च्या आसपास. पुस्तकातले जांभळे उतार पाहून मधल्या वर्षी निघालात तर नुसती हिरवी पानं दिसतील, आणि तो हिरवा रंग हवा असेल तर तशी तयारी करून जा.

उद्यानातल्याच कान्हेरीच्या पानांवर लेण्यांचे क्रमांक आणि शिल्पं भरपूर असतात. मला तिथे खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, जास्त मोलाच्या वाटतात. पावसाने उघडीप दिली की पोढ्यांत आभाळ उतरतं, काळा बेसॉल्ट चमकतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारं लेन्सपुढचं फिरतं फिल्टर, लावलात तर डोळा व्ह्यूफाइंडरला ठेवून सावकाश फिरवा. त्याचा परिणाम पुरता दिसेपर्यंत फिरवलात तर पानांवरची चकाकी जाऊन हिरवा रंग खुलतो, पण ओल्या खडकाची चमक आणि पाण्यातलं आभाळही जातं. मी निम्म्यावर थांबते.

वेळा आणि शुल्क मात्र छापील पुस्तकावरून धरू नका, आदल्या दिवशी चौकशी करा. सोमवारी उद्यान बंद असतं. आणि सूर्यास्ताच्या एका फ्रेमसाठी आत रेंगाळू नका. हे बिबट्यांचं जंगल आहे, अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर या.