जेट होणाऱ्या रोबोचे परीक्षण करताना
रोबोचे जेट विमान होणाऱ्या खेळण्याचे परीक्षण लिहायचे असेल, तर विमान वरून नव्हे, बाजूने आणि पोटाकडून पाहावे. पंख पातळ असल्यामुळे रोबोचे हातपाय लपवायला जागा उरत नाही आणि ते बहुधा पोटाखाली गाठोड्यासारखे लटकतात. १९८४ सालच्या, एफ-१५ विमान होणाऱ्या स्टारस्क्रीम या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळण्याच्या मुठी तर रोबो करताना वेगळ्या जोडाव्या लागत.

एकदाच रूपांतर करून मत बनवू नये. निदान दहा वेळा करावे आणि प्रत्येक खुंटी खाचेत टक्कन बसते की नुसती टेकते, हे बोटांनी तपासावे. विमान नाकाजवळ धरून हलवल्यावर पंख लटपटले, तर ते नमूद करावे.

कॉकपिटचे पारदर्शक प्लॅस्टिक बहुधा जास्त ठिसूळ असते, म्हणून बिजागरीची पिन त्यातून गेली असेल, तर तिच्याभोवती पांढुरकी रेघ उमटली आहे का, हे उजेडात धरून पाहावे. माझ्या मते रंगकामाच्या वर्णनापेक्षा ही एक नोंद घेणाऱ्याच्या कितीतरी जास्त उपयोगाची असते. गोल सांध्यातून निखळलेला हात पुन्हा दाबून बसवता येतो, पिनेजवळ तडकलेला भाग मात्र सहसा पूर्ववत होत नाही.