टीव्ही-फ्रिज उडण्याआधी या चुका टाळा

जून लागला की माझ्याकडे जळालेल्या वस्तूंची रांग लागते. टीव्हीचा बोर्ड, फ्रिजचा बोर्ड, वायफायचा अ‍ॅडॉप्टर, इन्व्हर्टर. आणणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "कुठेतरी वीज पडली." मी चिपळूण भागात बावीस वर्षं वायरमनचं काम करतो. ज्या घरांत मी स्वतः जाऊन व्होल्टेज मोजलं, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी आभाळातल्या विजेचा संबंधच नव्हता. कुठे न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) ढिला होता, कुठे अर्थिंग (गळालेला करंट जमिनीत उतरवणारी जोडणी) नावापुरतं होतं. या दोन गोष्टींवर खर्च करायचा म्हटलं की लोक "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात, आणि त्याच दिवशी दुकानातून लाल दिव्याचा स्पाईक बोर्ड, म्हणजे झटका अडवणारा म्हणून विकला जाणारा एक्स्टेंशन बोर्ड, घेऊन येतात. मला याचा खरोखर त्रास होतो, कारण नंतर भरून न येणारं नुकसान मीच बघत असतो.

न्यूट्रलला फ्यूज ठेवणं

ही चूक मी सर्वांत वर ठेवतो. एका वाडीतलं मोठं घर, थ्री फेज कनेक्शन, म्हणजे लाईट आणणाऱ्या तीन तारा (फेज) आणि तिघींचा मिळून एक न्यूट्रल. तीन भाऊ, तीन बिऱ्हाडं, आणि वायरिंग करणाऱ्याने प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक फेज दिलेला. एरवी तिथे धाकटाच राहतो, पण गणपतीला मुंबईहून दोघे मोठे कुटुंबांसह आलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐन आरतीत थोरल्यांच्या खोलीतल्या ट्यूब एकदम लख्ख झाल्या, पंखा सुसाट सुटला आणि टीव्ही फट् करून गेला. धाकट्यांकडे नेमकं उलटं, दिवे मिणमिणते आणि फ्रिज नुसता घुं घुं करतोय. मधल्यांच्या खोलीत सगळं नेहमीसारखं.

थोरल्यांचा फोन आला. "दादा, लाईट खूप वाढलेय, काय करू?" मी म्हटलं, "आधी मेन पाडा, मग बोला." ते एकेक प्लग काढत बसले होते. तेच नको होतं. न्यूट्रल सुटलेला असताना ज्या फेजवर भार कमी, त्याच फेजवर व्होल्टेज जास्त चढतं. म्हणजे एक प्लग काढला की उरलेल्या वस्तूंना आणखी मार बसतो. मी पोचेपर्यंत टीव्ही, राउटर, मखराच्या माळा आणि नव्या पंख्याचा बोर्ड, सगळं गेलं होतं. काही जोडलेलं नसल्याची खात्री केली, प्रत्येक खोलीत फक्त बल्ब ठेवून मेन चढवला आणि मोजलं: एका फेजवर 310 व्होल्ट, दुसऱ्यावर 230 च्या आसपास, तिसऱ्यावर 170.

कारण मीटरशेजारच्या लाकडी फळीवरच होतं. चिनी मातीचे चार किटकॅट फ्यूज. तीन फेजचे तीन आणि चौथा न्यूट्रलचा. कोणीतरी जुन्या पद्धतीने न्यूट्रललाही फ्यूज ठेवलेला. सणाच्या दिवसांत भार एका अंगाला कलला, तिन्ही फेजमधला सगळा फरक न्यूट्रलमधून वाहायला लागला आणि ती बारीक तार वितळली. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये 400. मधला खुंटा निखळला की ते 400 घरातल्या वस्तू आपापसांत वाटून घेतात आणि वाटणी कधीच सारखी होत नाही.

टीव्ही का फुटतो तेही सांगतो, कारण "310 म्हणजे थोडंच जास्त" असं मला ऐकवलं जातं. टीव्हीच्या आत एसीचं डीसी होतं आणि ते लाटेच्या शिखराएवढं चढतं. 230 ला ते 325 व्होल्ट, 310 ला 438. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 400 किंवा 450 व्होल्टची मर्यादा छापलेली असते. 400 वाल्याचा हिशेब तिथेच संपतो, 450 वालाही अगदी काठावर येतो.

थोरल्यांच्या खोलीत दोन स्पाईक बोर्ड होते. दोन्ही आतून काळे पडून वितळले होते. त्यांच्यात एमओव्ही नावाची बिल्ल्यासारखी चकती असते. ती मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा झटका गिळण्यासाठी आहे. साधारण 275 व्होल्टच्या चकतीला बराच वेळ 310 दिले तर ती स्वतःच तापून जळू शकते. आग लागली नाही हे त्या घराचं नशीब.

माझी पद्धत ठरलेली आहे. न्यूट्रलला फ्यूज दिसला की मी आधी तो काढतो आणि पक्की लिंक (न वितळणारी धातूची पट्टी) बसवतो, मग बाकीचं काम. थ्री फेज घरात मेनला फोर पोल ब्रेकर घालतो, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्रच उघडतात आणि एकत्रच बंद होतात. त्याच्या पुढे ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की लाईट तोडणारं उपकरण. वरची मर्यादा 265-270, खालची 170, आणि लाईट परत आल्यावर तीन मिनिटांचा थांबा. सिंगल फेज घरालाही हा रिले हवाच, कारण डीपीवर किंवा खांबावर सगळ्यांचा मिळून असलेला न्यूट्रल सुटला तर अख्ख्या वाडीवर हीच वेळ येते. अशा वेळी मेन पाडून 1912 वर तक्रार द्यायची. आपण काठी घेऊन डीपीपाशी जायचं नाही.

आणि स्क्रू. वर्षातून दोनदा, मे संपायच्या आत आणि गणपतीच्या आधी, मेन बंद करून न्यूट्रलचे सगळे स्क्रू आवळायचे. मीटरनंतरचे, मीटरला हात लावायचा नाही. बाहेरून येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची असेल तर नुसता पीळ मारून चालत नाही. आमच्याकडच्या दमट हवेत तो सांधा गंजून तापतो. बायमेटल लग, म्हणजे या दोन धातूंसाठीच बनवलेला जोड, लावा.

अर्थिंग "केलंय" म्हणणं

आमच्याकडे जमीन जांभ्याची, खाली कातळ. खड्डा खणणं कष्टाचं काम आहे हे मला मान्य. पण दोन फूट खणून कातळ लागला म्हणून तिथेच पाइप उभा करायचा, वर मीठ-कोळसा टाकायचा आणि सिमेंटने बंद करायचं, याला अर्थिंग म्हणत नाहीत. एप्रिलमध्ये जांभा हाडासारखा कोरडा होतो. मीठ पाइप खातं. तीन-चार वर्षांनी उकरलं तर हातात गंजाचा चुरा येतो.

आणि हे अर्थिंग तपासतात कसं? मल्टिमीटर लावून. "बघा, फेज आणि अर्थमध्ये 230 दाखवतोय, झकास आहे." मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे अर्थ कितीही वाईट असला तरी तो 230 दाखवणार. मी फेज आणि अर्थमध्ये 200 वॅटचा साधा बल्ब लावतो आणि तो पेटलेला असताना व्होल्टेज मोजतो. अर्थिंग 5 ओहमचं असेल तर 230 मधले चारेक व्होल्टच कमी होतात. 100 ओहमचं असेल तर बल्बवर 160 च्या आसपास उरतात आणि तो पिवळा पडतो. घरात आरसीसीबी (करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो पडणारच, त्याचं कामच ते आहे. ही चाचणी घरच्यांनी करायची नाही. अर्थ वाईट असेल तर बल्ब लावल्याबरोबर घरातल्या सगळ्या अर्थला जोडलेल्या धातूंवर व्होल्टेज येतं. वायरमनकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायची.

याच्याही पुढची चूक आहे, आणि ती बघितली की मला संताप येतो. अर्थिंगचा खर्च वाचवायला सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या मोठ्या पिनला जोडून द्यायचा. एका घरात वहिनींनी सांगितलं, "फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, पण काल लाईट नसतानाही आल्या." लाईट गेलेली नव्हतीच. सिंगल फेज घर, खांबावर त्यांचा न्यूट्रल तुटला होता. दिवे बंद, पण फेज चालूच. कुठल्यातरी चालू ठेवलेल्या बटणातून, एखाद्या बल्बमधून फेज न्यूट्रलच्या तारेत उतरला होता आणि तिथून त्या तुकड्यातून थेट फ्रिजच्या पत्र्यावर. पायात चपला होत्या म्हणून त्या वाचल्या. मी त्या घरातले सगळे सॉकेट उघडले. पाच सॉकेटमध्ये तोच तुकडा होता.

खड्ड्यासाठी मी घरामागे, न्हाणीचं पाणी जाऊन पडतं तो माड शोधतो. तिथली माती बाराही महिने ओली असते. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), वर झाकणाचं चेंबर. एका खड्ड्याने भागत नसेल तर दुसरा, पण निदान रॉडच्या लांबीएवढं अंतर सोडून, आणि दोन्ही जोडून. वायरिंगच्या कामातल्या घाई असलेल्या मुलांना हे पटत नाही. एका दिवसात तीन घरं उरकायची असतात. मी एका अर्थिंगला दोन दिवस घेतो आणि पैसेही तसेच सांगतो.

एसपीडी बसवला, पण लांबून

एसपीडी म्हणजे मेन बोर्डातच बसणारं, झटका जमिनीत उतरवणारं उपकरण. बहुतेक घरांना टाइप 2 पुरतो. व्हिडिओ बघून तो स्वतः बसवणारे हल्ली बरेच आहेत आणि जवळपास सगळे त्याला अडीच-तीन मीटर वायर गुंडाळून देतात. विजेच्या झटक्याला प्रत्येक मीटर वायर म्हणजे हजारेक व्होल्टचा अडथळा. फेजपासून एसपीडी आणि तिथून अर्थपट्टी, सगळी मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत हवी. अर्थिंग खराब असेल तर एसपीडी घेऊच नका, आधी खड्डा करा. एसपीडीवरच्या छोट्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की कार्ट्रिज संपलं. गेल्या महिन्यात एका घरी तो लालच होता आणि कोणालाच पत्ता नव्हता. छतावर सोलर असेल तर त्याच्या डीसी बाजूला वेगळा एसपीडी लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

एमसीबी करंट वाढल्यावर पडतो, व्होल्टेज वाढल्यावर नाही. आरसीसीबी माणूस वाचवतो, टीव्ही नाही. दोन्ही हवेत, पण त्यांच्याकडून तिसऱ्याचं काम मागू नका.

स्टॅबिलायझर हळूहळू चढ-उतार होणाऱ्या लाईटसाठी आहे. आतला रिले हलेपर्यंत विजेचा झटका पुढे निघून गेलेला असतो.

"याला स्टॅबिलायझर लागत नाही" असं सांगून एसी विकला असेल तर मागच्या स्टिकरवर कुठपासून कुठपर्यंत व्होल्ट चालतात ते वाचा. त्या आकड्यांबाहेर तो शब्द लागू नाही.

घरगुती इन्व्हर्टर मेन्सवर असताना बाहेरचीच लाईट जवळपास तशीच पुढे जाते. तो कवच नाही.

तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापू नका. कुठल्याही कारणाने नाही.

लाईट गेली की फ्रिज, एसी, पंपाची बटणं बंद करा. आल्यावर पाचेक मिनिटांनी एकेक चालू करा. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो.

गडगडाट सुरू झाल्यावर प्लग काढायला धावू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा आणि वीज लांब असतानाच काढा. आमच्याकडे मेअखेर आणि पुन्हा ऑक्टोबरात ही वेळ येते. प्लगबरोबर डिशची केबलही टीव्हीपासून सोडवा. प्लग काढलेला आणि केबल तशीच, असे कितीतरी सेट टॉप बॉक्स आणि टीव्हीचे एचडीएमआय मी गेलेले पाहिलेत. वीज थेट घरावरच पडली तर बोर्डातलं कोणतंही उपकरण खात्री देऊ शकत नाही. तेव्हा उपयोगाला येतो तो हवेतला मोकळा प्लग.

उडाल्यावर

दुरुस्त केलेला टीव्ही परत आला की लोक त्याच सॉकेटमध्ये लावतात. एका काकांचा बोर्ड एका महिन्यात दोनदा गेला तो असाच. आधी मोजून घ्या. गिझर किंवा इस्त्री चालू असताना फेज-न्यूट्रल किती आणि न्यूट्रल-अर्थ किती. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट असतील तर ठीक. दहाच्या वर गेले, किंवा थ्री फेज घरात इस्त्री लावल्यावर दुसऱ्या फेजवरच्या खोलीतला बल्ब उजळला, तर न्यूट्रल कुठेतरी सुटतोय. तो सापडेपर्यंत टीव्ही खोक्यातच राहू द्या.